गाडीचं नाक आणि दोन बोटं

नाही, मला सांगा, गाडीला नाक वर कशाला पाहिजे? माणसाचं असतं, समजू शकतो, पण गाडीचं? आमच्या भारतनं, म्हणजे माझ्या मुलानं, जुनी एसयूव्ही घेतली, चांगली घेतली, आणि आठ दिवसांत कुठल्यातरी गॅरेजातून तिचा पुढचा भाग वर चढवून आणला. "आबा, रुबाब बघा!" बघितला. भुंकायच्या आधी कुत्रं मान वर करतं ना, तशी उभी होती अंगणात. मी काही बोललो नाही. मी तसाही बोलत नाही, माझं एक वाक्य संपेपर्यंत भाकरी भाजून होते असं आमची गोजरा म्हणते... पण आज बोलणार, कारण प्रश्न होता दोन बोटांचा. दोन बोटं हो, फक्त दोन बोटं!

तर गोजरा, म्हणजे आमची मंडळी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ओट्याची पायरी आता स्वतःची स्वतः चढते, पण त्या गाडीत? छे! एकीकडून भारत, दुसरीकडून सूनबाई छाया, मागून मी, "हं, एक, दोन, तीन..." अशी दोनदा बसली. तिसऱ्यांदा अंगणातच थांबली. "मी काय द्राक्षाचं कॅरेट हाय का, उचललं आन् ठेवलं? माझ्या पायानं चढता आलं तर येईन, नायतर नाय!" आणि शनिवारी तिच्या धाकट्या बहिणीची घरभरणी, पंचवटीत! सख्खी बहीण, हिनं कडेवर वाढवलेली! काढून ठेवलेली साडी परत ट्रंकेत गेली. छाया म्हणाली, "आई, स्टूल घेऊ ना बरोबर." "आन् बहिणीच्या दारात स्टूल मांडून उतरू? तिचे व्याही बघतील की!"

संपलं. बायको मुकी झाली की घर कसं होतं, तुम्हाला काय सांगू?

दुपारी ती आडवी झाली तेव्हा मी सुतळी घेतली. ओट्याची पायरी मोजली, गाठ मारली. तीच सुतळी गाडीच्या पायदानाला लावली. पायदान वर, गाठ खाली. किती? दोन बोटं! एवढ्यासाठी बाई घरात कोंडली!

मग मी डोकं चालवलं. आता ट्रॅक्टरचं नाक उचलायला लागलं की आपण पुढे वजनं लावतो की नाही? मग गाडीनं काय पाप केलं? ट्रॅक्टरची वजनं कशीबशी ओढत आणली आणि गाडीच्या बंपरला बांधली, द्राक्षाच्या मांडवाच्या तारेनं, चांगली पक्की. बसलं की हो नाक! सुतळी लावली, बरोब्बर! तेवढ्यात भारत आला, न बघता चावी फिरवली, बांधापर्यंत गेला आणि... धाड! वजनं खाली उतरली ती बंपर घेऊनच.

"आबाऽऽ! ही गाडी हाय, ट्रॅक्टर नाय!"

मी म्हणालो, "...हो."

बंपर मागच्या सीटवर टाकला आणि निघालो शहरात, द्वारका चौकाकडे, कारण आमची वैष्णवी, भारतचीच मुलगी, तिकडे एका गॅरेजात आहे. आयटीआय केलंय तिनं, मोटार मेकॅनिकचं. भारत गावात सांगतो, "पोरगी ऑफिसात हाय." जाऊन बघतो तर ऑफिस गाडीखाली झोपलेलं, बाहेर नुसते दोन बूट!

"आबा? बंपर कुणी पाडला?"

भारत माझ्याकडे बघतोय, मी द्वारकेच्या ट्रॅफिककडे.

सगळं सांगितलं. सुतळी दिली. हसली नाही हो पोरगी! टेप लावला, वाकून बघितलं, म्हणाली, "आजीला दारापाशी दोन बोटं पाहिजेत, आणि दार चाकाच्या मागे, म्हणजे पुढच्या चाकापाशी तीन उतरवावी लागतील. पप्पा, तुम्ही तेवढीच तर चढवलीत. कंपनीच्या मापावर येईल गाडी."

"अगं पण रुबाब..."

"रुबाबात आजी बसत नाही, पप्पा."

माझं तर काळीज सुपाएवढं झालं. मग मला समजावते, "आबा, या गाडीला पुढे पिळलेली पोलादी दांडी असते. बोल्ट सैल केला की पीळ उतरतो, गाडी बसते." मी म्हटलं, म्हणजे मांडवाची तार ढिली करतो तशी? "तशीच. पण दोन्ही बाजूंना सारखी." बोल्ट फिरवले, गाडी पुढे-मागे ढकलून बघितली, पुन्हा टेप. डावीकडे सूतभर फरक. परत गेली खाली. भारत म्हणतो, "सूतभरानं काय होतंय?" गाडीखालून आवाज, "वळणावर कळतंय!" बंपर लावला, चाकांचं अलाइनमेंट केलं, हेडलाइट नीट केले, मग चहा आणला. कपावर पाच काळी बोटं, ग्रीसची. भारत रुमाल काढायला लागला, मी म्हटलं, खबरदार पुसलास तर!

शनिवारी साडी ट्रंकेतून बाहेर आली. गोजरा दारापाशी उभी. मी मागून हात पुढे केला. "हात काढा." काढला. एक पाय ठेवला... थांबली... दुसरा पाय! बसली! मान अशी ताठ, की गाडीचं उतरलेलं नाक तिलाच लावलं की काय! आणि पंचवटीत भारत? अख्ख्या मांडवात सांगत होता, "माझ्या पोरीनं बसवली गाडी, गाडीखाली झोपून, स्वतःच्या हातानं!" ऑफिस कुठं गेलं कुणास ठाऊक.

झालं, एवढंच पाहिजे होतं मला. पण त्यानंतर? छाया गाडी चालवते, ही पुढे बसते. आज बहीण, उद्या मावसबहीण, परवा दिंडोरीत कुणाचं बारसं... घरात सापडत नाही हो बाई! दोन बोटं, फक्त दोन बोटं उतरवली, तर ही तऱ्हा! काल अंगणात गाठून विचारलं, "गोजरा, परत कधी येशील?"

काच खाली केली. म्हणाली, "बघू!"

घ्या! पन्नास वर्षं हेच उत्तर मी तिला देत आलोय.