सुती लंगोट आणि मालकांचा कंदुरा

सुती लंगोटाचं कौतुक मला सांगू नका! आखातात, अल ऐनला मी नोकरीला होतो तेव्हा आमचे अरबी मालक बाळ बघायला घरी आले. बायकोचा व्हिसा संपत आला होता, कागदावर त्यांची सही हवी होती. मी छाती फुगवून म्हणालो, "साब, प्लास्टिक का डायपर नहीं, माँ की पुरानी साडी का लंगोट. एकदम नॅचरल!" आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बघता बघता त्यांचा पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा ओला झाला.

बायको आतून धावत आली. "अहो, मी मुद्दाम डायपर घातला होता, तो काढलात कशाला?"

मालक शांतपणे म्हणाले, "हबीबी, मेरा कंदुरा पॉलिएस्टर है, पानी पीता नहीं. सब पाँव तक आ गया. कागज लाओ, बच्चा अंदर रखो."

सही होईपर्यंत मी त्यांच्या ओल्या पायांकडेच बघत होतो.