पाय टेकले का?

(मधली सुट्टी. तिसरीचा रिकामा वर्ग. पहिल्या बाकावर एक मुलगी, शेजारी वर्गशिक्षिका आणि शाळेची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांचं बसणं, लिहिणं, हाताची पकड तपासून सुधारणारी.)

थेरपिस्ट : सहा पेन्सिली, पाचांची टोकं मोडलेली. खोडरबर एक, झिजून नखाएवढं. किती दिवसांत?

बाई : तीन. दप्तर मोजून झालं असेल तर वर्ग बदलायच्या या कागदावर सही करा. सुट्टी संपली की मोठ्या बाई येतील आणि ही मागच्या इमारतीतल्या वेगळ्या वर्गात जाईल.

थेरपिस्ट : मी सही करणार नाही.

बाई : सत्राच्या सुरुवातीला तुम्हीच लिहून दिलंत ना, लेखनात अडचण नाही म्हणून? मग हा आळसच. दहा मिनिटांत चार ओळी. बाकीची पोरं चौदा लिहून खोड्या काढायला मोकळी.

थेरपिस्ट : ती माझी चूक. मी तिला माझ्या खोलीत तपासलं, बुटक्या खुर्चीवर. या बाकावर बसवून पाहायला हवं होतं.

बाई : वा. चूक तुमची आणि वाईट माझा बाक.

थेरपिस्ट : बाळ, लिहिताना डावा हात कुठे असतो?

मुलगी : बाक धरते. नाहीतर घसरते मी.

बाई : मला कधी बोलली नाहीस.

मुलगी : बोलले होते. तुम्ही म्हणालात, नीट बस.

थेरपिस्ट : पाय जमिनीपासून अकरा सेंटीमीटर वर लोंबकळतात. एक हात तोल सांभाळण्यात अडकला, की सरकणारी वही ती पेन्सिलीनंच दाबून धरते.

बाई : माझ्याकडे सेहेचाळीस पोरं आहेत. सगळ्यांचे पाय मोजत बसू? तुम्ही यायचं, मातीचे गोळे खेळवायचे आणि जायचं. घसा मी फोडायचा.

थेरपिस्ट : मोजणं माझंच काम होतं. ते खडूंचं खोकं द्या, पायाखाली ठेवू.

बाई : हात लावू नका, माझं मी रिकामं करते. घड्याळही माझंच. तुमच्यावर विश्वास नाही माझा. दहा मिनिटांत आठ ओळी झाल्या नाहीत तर मुकाट्यानं सही करायची.

थेरपिस्ट : करीन.

बाई : पाय टेकले का गं?

मुलगी : हो.

बाई : दोन्ही?

मुलगी : दोन्ही.

बाई : नवा धडा काढ, आधी लिहिलेला नको. लिही. आणि मॅडम, तुम्ही मागे व्हा. तिच्या डोक्यावर उभ्या राहू नका.

थेरपिस्ट : झाले मागे.

बाई : अजून मागे. आता गप्प.

(मुलगी लिहिते. बाई घड्याळ बघतात.)

बाई : थांब. दहा मिनिटं झाली. वही दे इकडे.

थेरपिस्ट : किती?

बाई : आठ. नववी अर्धी आहे, ती मी धरलेली नाही.