डाव्या पायाचं चित्र

सुकन्या : मग तुमच्या फोटोतला हा सशाचा पाय कुठला, गंधार सर? डावा का उजवा?

गंधार : उजवा. शोधनिबंधात लिहिलंय ना.

सुकन्या : ह्याच सशाच्या उजव्या पायाची रक्तवाहिनी आपन बांधली हुती. तुमचं औषध टोचल्यावर तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, असं लिहिलंय तुमी.

गंधार : फुटल्याच आहेत. दिसतायत की.

सुकन्या : दिसतात. पन आज मी त्याला गुंगी दिली आन दोन्ही पायांत रक्तवाहिन्या दिसायचा डाय सोडून एक्स-रे काढला. उजव्यात मांडीच्या खाली काहीच उमटलं न्हाई. न बांधलेल्या डाव्यात गुडघ्याच्या वर एक तिरकं वळान हाय. तुमच्या फोटोत तेच हाय, नुसतं उलटं.

गंधार : मशीन बिघडलं असेल.

सुकन्या : मशीन मीच चालवते, सर.

(गंधार उठून प्रयोगशाळेचं दार लावून घेतो.)

गंधार : ऐक. बाकीच्या सशांत थोडासाच फरक पडला होता गं. एक स्वच्छ फोटो हवा होता, नाहीतर माणसांवरच्या चाचणीची परवानगीच मागता आली नसती. औषध चालेल, मला खात्री आहे.

सुकन्या : आन तोच फोटो तुमी माझ्या बापाला दाखवलात. खर्ड्याला, गावाकडं आमच्या ओसरीवर बसून. आई भाकरी थापत हुती. तुमी म्हनलात, बिभीषणकाका, सशाचा पाय वाचला, तुमचाही वाचेल.

गंधार : मी धीर दिला त्यांना.

सुकन्या : डॉक्टर म्हनले हुते, पायाची रक्तवाहिनी तुंबलीय, लगेच पायाची बायपास करा. आप्पा तयार हुते. मीच म्हनले, थांबा, सरांची चाचनी सुरू होऊ द्या. मीच.

गंधार : आता कसा आहे पाय?

सुकन्या : पाऊल काळं पडलं. काल नगरला भरती केलं. गुडघ्याच्या खालून काढनार हायत.

गंधार : अगं... मला कळवायचंस तरी.

सुकन्या : कळवनारच हुते. वाटलं, आधी ससा बघावा. सशाला लागू पडलं ते आप्पांना लागू पडंल का, आता उशीर झाला का, ते तुमालाच विचारायचं हुतं.

गंधार : हे बघ, शोधनिबंधावर तुझंही नाव आहे. बाहेर गेलं तर तुझी पीएचडी पण जाईल.

सुकन्या : जाऊ द्या. मी गाईड मॅडमना सांगूनच आले. दोन्ही पायांचे फोटो त्यांच्याकडं हायत. निबंध मागं घ्यायचा म्हनल्या.

गंधार : सुकन्या! एकदा माझ्याशी बोलली असतीस!

सुकन्या : बोलले की. आल्या आल्या विचारलं, डावा का उजवा. तुमी उजवा म्हनलात.

गंधार : ...मी येतो नगरला. काकांची माफी मागतो. सगळं खरं सांगतो त्यांना, नीट समजावून.

सुकन्या : नको, सर. तुमी समजावलंत तर ते परत इस्वास ठेवत्याल.