चीनच्या बादशहाचा तिसरा अंक

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. शब्द देऊन फिरला. परका असता तर बोर्लीच्या बाजारात गाठून त्याची गचांडी धरली असती, सख्ख्या भावाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

आमचं घर बोर्ली पंचतनच्या अलीकडचं, भातशेतीवालं. मी सुपारीच्या धंद्यात शिरलो, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून मुरुडला पोती न्यायचो, व्यापाऱ्याने भाव पाडला की पोतं उचलून चालू लागायचो, तो मागून हाक मारायचाच. असं करत स्वतःची वखार उभी केली. दादा शेतात राहिला, घरातला मान मात्र त्याचा.

हा मान म्हणजे काय, तर देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं आणि त्यातला राजा आमच्या घरातला थोरला करतो, वाडवडिलांपासून. स्वातंत्र्य आलं त्यानंतर शाळेवर एक गुरुजी आले, त्यांनी ह्युएन त्संगाच्या काळातल्या चिनी बादशहावर नाटक लिहिलं. ताइत्सुंग त्याचं नाव. लढाया त्याने मारल्या, बापाला तख्तावर त्याने बसवलं, आणि बापामागे गादी कोणाची, तर थोरल्याची. शेवटी राजवाड्याच्या उत्तर दरवाजात दबा धरून त्याने थोरल्याला बाण मारला, धाकटा भाऊही तिथेच पडला, बापाने मुकाट्याने गादी सोडली. मी म्हटलं, गुरुजी, हा माणूस मला कळतो. घरी येऊन दादाशी बोलणी लावली, उत्सवाचा मानाचा नारळ तू फोड, बादशहा मी करतो, तू थोरला राजपुत्र हो. दादा म्हणाला, व्हय रे बाबा, तुझ्याशी घासाघीस कोन करनार.

मग काय सांगू तुम्हाला, वर्षानुवर्षं मी दादाला त्या दरवाजात मारला. तो असा पडायचा की बाया हळहळायच्या, आणि विंगेत आलो की म्हणायचा, बादशहा, आता मेलेल्या मानसाला च्या सांगा. दुसऱ्या अंकात मी राज्य करायचो, तेही झकास. सारा कमी केला, तोंडावर चुका सांगणारा प्रधान जवळ ठेवला, ह्युएन त्संग हिंदुस्थानातून पोथ्या घेऊन परतला तेव्हा त्याचा मान राखला. टाळ्या पडायच्या. पण शेजारची एक म्हातारी दरवर्षी विचारायची, राजा चांगला हाय, पन भावाचं काय?

गुरुजींनी ते मनावर घेतलं आणि तिसरा अंक लिहिला. बादशहा म्हातारा झालाय, आता त्याचीच पोरं गादीवरून एकमेकांवर उठलीत, तो स्वतःवर तलवार ओढायला निघतो, सरदार हात धरतात. मग तो एकटा त्या दरवाजात जातो आणि थोरल्याला हाक मारतो, दादा, माझं चुकलं का? मेलेला थोरला समोर उभा राहतो. त्याचं उत्तर गुरुजींनी लिहिलंच नाही. म्हणाले, ते तुझ्या दादाला सुचेल तसं बोलू दे. मी ते हाकेचं वाक्य वखारीत सुपाऱ्या निवडताना पाठ केलं, किती वेळा ते विचारू नका.

त्याच साली चीनने सरहद्दीवर चाल केली. गाव म्हणालं, चिनी राजा नको. दादा मला घरी म्हणाला, मी बोलतो गावाशी, हा राजा शेकडो वर्षांपूर्वी मेलेला, त्याचा काय दोष. देवळात सभा बसली, चिनी नाटक नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा असं पंच म्हणाले, आणि पहिला हात दादाचा. दुसरं नाटक ठरलं, त्यात राजा दादा. मी ओरडलो, भर सभेत नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, गाव म्हनतो तसा.

तेव्हापासून एका घरात दोन चुली आहेत. गुरुजी वारले, तो अंक कोणी केला नाही. दादाला आता दिसतं कमी, अंगणात चाचपडत येतो, मी बाजूला होतो.

हे लिहून घेताय ना, मग त्याला जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. दादा, तो हात गावाच्या भीतीने वर केलास, की त्या दरवाजात मी हाक मारली असती तर काय बोलायचं ते तुला ठरवता येत नव्हतं? नाटक गेलं खड्ड्यात. मी विचारतोय, मी, तुझा भाऊ. उत्तर दे.