सप्तमीचं पान

नाशिकहून घोटीला निघालेल्या एसटीत माजिदा खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची नात बोलत होत्या.

"उज्ज्वले, बक्षीस कशाचं म्हनलीस?"

"पीएचडीचं, आजी. महायुद्धात आपल्या तालुक्यातून गेले आणि परत आले नाहीत, त्या शिपायांवर लिहिलं ना मी."

"माझा बा हाय त्यात?"

"आहे. ब्रह्मदेशात वारले, चव्वेचाळीस साली. लष्करी दवाखान्याच्या यादीत तारीखसुद्धा सापडली."

"तारखेचं मी काय करू? तिथी सांग."

"जुन्या पंचांगात पाहिली. सप्तमी होती."

माजिदाने मोबाइलवरचं गाणं हळूच बंद केलं.

"तिथी ठाऊक नाय म्हनून जल्मभर सर्वपित्री अमावास्येला पान वाढलं त्याला, साऱ्यांच्या पंगतीत. यंदा पितरपाटात सप्तमीला वाढीन. त्याच्या एकट्यासाठी."

"मग अमावास्येचं बंद करायचं?"

"तुझ्या पुस्तकात किती जन हायेत?"

"एकसष्ट."

"तारीख कितींची गावली?"

"चौदा जणांची."

"मग बंद कसं करू, पोरी? बाकीच्यांना कोन वाढतंय?"