शेवटच्या ओळीची खूण

नाई नाई, ते वही नोका उघडू भूपेंद्रभाऊ — ठेवा तिकडं. कोनतं सेटिंग पायजे ते मले इचारा, तोंडपाठ हाय मले सगळं. उघडलीच का? कोनतं पान? चौदा मे. घ्या आता! सव्वादोनशे पानांच्या वहीत तुमाले नेमकं तेच पान सापडावं. बरं, वाचलंच हाय तं वाचा — पन मनातल्या मनात. आमची प्रमिला आतमंधी पूजेची तयारी करून राह्यली. आज खंडेनवमी नाई का? म्हनून तं मी तुमाले म्हनलं होतं, दसरा होऊ द्या, मंग या. पन तुमाले मशिनची डिस्क बदलायले वर्ध्याहून देवळीले यायले आजच फुरसत सापडली.

काय म्हनता? घरच्या घरी सर्व्हर काऊन ठेवला, भाड्यानं जागा मिळते वेबसाइटले? मिळते न बापा, मले का ठाऊक नाई? शौक होता, दुसरं काय. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमंधी सहायक — जल्मभर दुसऱ्याच्या प्रयोगाच्या वायरा जोडल्या, म्हनलं एक प्रयोग आपलाबी होऊ द्या. नव्व्याण्णव साली मासिकासोबत लिनक्सच्या सीड्या फुकट यायच्या. कॉलेजनं एक डब्बा भंगारात काढला होता, तो आनला सायकलवर बांधून. पडद्यावर चित्र यायले तीन आइतवार लागले! प्रमिला म्हने, टीव्ही बरा हो, बटन दाबलं का बाई बोलते. मंग दोन हजार पाचले ब्रॉडबँड आलं, अन् मी समाजाच्या वधू-वर परिचयाची साइट चढवली — याच टेबलावरून, याच घरातून. काऊन का मेळाव्याचं पुस्तक छापून येईपर्यंत अर्ध्या पोराईचे लग्न होऊन जाते. लोकं आपल्या पोरीचा बायोडाटा घेऊन येत, फोटो आनत, मी चढवत जाओ. चारशे बारा झालते. पुण्यातला पोरगा तिथं बसून देवळीची पोरगी पाहे — माह्या डब्ब्यात! छाती फुगत होती भाऊ, खोटं काऊन सांगू.

पन सर्व्हर म्हंजे चोवीस तास चालू पायजे. अन् आपली लाइन? सहा-सहा, आठ-आठ तास गुल. म्हनून ट्रॅक्टरची बॅटरी बसवली, इन्व्हर्टर लावला. तिच्यात पानी कोन टाके? प्रमिला. दर सोमवारी, बाटलीनं, नळी लावून. अन् आयका — मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत, लाइन गेली का पंखा नाई लावायची ते. मी म्हनो, अवं लाव थोडा वेळ. ते म्हने, ‘तुमची मशीन बंद पडन.’ वल्लं फडकं डोक्यावर घेऊन बसे दारात. माहा डब्बा थंड राहावा म्हनून माही बायको तापत होती. तवा मले त्याचं काईच वाटलं नाई. मी उलट लोकाईले सांगो, आपली मशीन एकदाबी बंद नाई पडली म्हनून.

तं ते पान. चौदा मेचं. लॅबची सवय हाय मले — कोनतंबी काम करायचं तं पहिले पायऱ्या लिहायच्या, पायरी झाली का समोर खूण. कर्नल, म्हंजे लिनक्सचा गाभाच, नवा चढवायचा होता. जुना राखून ठेवला — खूण. नवा बांधला — खूण. जागेवर नेऊन ठेवला — खूण. अन् शेवटची ओळ तुमी पाह्यलीच: ‘लिलो चालवणे’. तुमाले काय सांगावं, तुमचा तं धंदाच हाय हा — नवा कर्नल टाकला का ते एक कमांड द्यावीच लागते, नाई तं पुढच्या टायमाले सुरू होताना मशिनले समजत नाई उठायचं कुठून. दोन मिनिटाचं काम! खूण हाय का तिथं? नाई. तेवढ्यात माहा साडू श्रीनिवास आला अल्लीपूरहून, पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन. त्याले पानी, चहा, पाहुनचार — मी उठलो तो उठलोच. अन् चालू मशिनले काय पत्ता? ते जुन्याच कर्नलवर चालून राह्यली, ऐटीत. एकशे चाळीस दिवस.

एकशे चाळिसावा दिवस म्हंजे खंडेनवमी. दोन हजार सहाची. आपल्याकडं कसं, त्या दिवशी अवजाराले इसावा — शिलाई मशीन, विळा, पावडं, स्कूटर, सगळं पुसून-धुऊन हळदी-कुकू. प्रमिला म्हनली, या मशिनीची नाई का करायची? वर्षभर राबते बिचारी. मी म्हनलं, कर न, अर्धा तास बंद ठेव. कसं बंद करायचं ते मीच लिहून देलतं, कागद पडद्याले चिपकवला होता — पहिले हे टाइप कर, मंग हे, मंग पडद्यावर अमुक अक्षरं येऊ दे, अन् मंगच बटन. मी फुलं आनायले बजारात गेलतो. आलो तं मशीन बंद, पुसून लखलख, वर स्वस्तिक. पूजा झाली, नारळ फोडला. मी बटन दाबलं. अन् पडद्यावर दोन अक्षरं आली — एल, आय. बस. पुढं काई नाई.

हासू नोका. तुमाले दोन अक्षरं पाह्यल्या बरोबर समजलं का लिलो राह्यलं. मलेबी समजलं! पंधरा मिनिटात वही काढली, खूण नाई हे पाह्यलं. सीडी टाकून सुधरवाले बसलो — अन् लोकाईचे फोनावर फोन — चुकीच्या जागी ‘हो’ म्हनून बसलो. डिस्क पुसल्या गेली. चारशे बारा पोरं-पोरी, फोटोसकट. बॅकअप? त्या वहीत बॅकअपचं पानच नाई. मशीन मंग नव्यानं मांडून चालू केली, पन डाटा गेला तो गेलाच.

मंग डिसेंबरात मेळावा झाला. दोन-अडीचशे लोकं, मंडप, माइक. आमचे अध्यक्ष अण्णाजी, त्याहिनं मले वर बोलावलं — सांगा माणिकराव, समाजाचा डाटा कुठी गेला? लोकं चिडले होते. एक मायबाई रडून राह्यली होती, पोरीचा एकच चांगला फोटो होता म्हने. मी माइक हातात घेतला अन् मले काय झालं काय माहीत, मी म्हनलं, ‘घरच्या बाईनं पूजेसाठी चालू मशीनची वायर उपटली.’ वायर! भाऊ, वायर उपटलीच नवती तिनं. कागदात लिहिलं तसं अक्षर अन् अक्षर टाइप केलं होतं. पन लोकं हासले. सगळा मंडप हासला. राग गेला त्याईचा, माहा जीव वाचला. प्रमिला बायकाईत तिसऱ्या रांगेत बसली होती, मोतिया साडी नेसून. मी तिकडं पाह्यलंच नाई.

तवापासून झालं. हळदी-कुकवाले गेली तं बाया म्हनत, ‘प्रमिलाबाई, आमच्या फ्रिजले हात नोका लावजा.’ गंमतच करत, पन दर टायमाले! दोन सालं आयकलं, मंग मंडळात जानंच सोडलं. मले? मले एक शब्द नाई बोलली. तिले वाटते भाऊ, खरंच तिच्याच हातून काई चुकलं — एखादं अक्षर राह्यलं, नाई तं बटन लवकर दाबलं. एकदा इचारलं होतं मले, ‘त्या कागदात तीन ओळी होत्या का चार?’ कागद मी केवाच फाडून फेकला होता. मी म्हनलं, आता काय त्याचं, जाऊ दे. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं म्हनलं, कळते का तुमाले? इतका हलकट मानूस मी नवतो हो. पहिल्या दिवशी लाज वाटली, मंग मेळावा झाला, अन् मंग सांगायची हिंमतच होये ना. एक दिवस लोटला का दुसऱ्या दिवशी आनखी जड जाये.

आता? तुमी डिस्क काढान, बंद करा लागन. हाव. जरा थांबा. तीन सालं झाली, खंडेनवमीले ते सगळ्या घराची पूजा करते, माह्या लॅबच्या पेचकसालेबी कुकू लावते — पन या खोलीत ताट घेऊन येत नाई. एक झेंडूचं फूल उंबरठ्यावर ठेवते अन् मांघं सरकते. मी तिचे पाय पाह्यतो, तोंड पाहायची छाती होत नाई. थकलो भाऊ मी. त्या वहीले तीन जागी लपवलं, अन् आज तुमी पाच मिनिटात काढली.

आली वाटते. प्रमिला — अवं, थांब. फूल तिथं नोको ठेवू, आत ये. ताटासकट ये. हे भूपेंद्रभाऊ, वर्ध्याचे. नाई, बिघडली नाई. लाव न हात, काई नाई होत. अवं, तवाबी तुह्यानं काई नवतं झालं! हे पाह्य. वही. ह्या सगळ्या खुना पाह्य, अन् हे शेवटची ओळ — माहं अक्षर हाय. इथं खूण नाई, म्हनून बिघडली. तुह्या आधी साडेचार महिने मीच बिघडवून ठेवली होती. हाव, ठाऊक होतं. त्याच दिवशी.

शिव्या दे मले.

पाहा भाऊ, बसली मशिनीपाशी. टाइप करून राह्यली. कागद नाई, काई नाई — अन् तीनच ओळी. आता थांबली हाय, अक्षरं यायची वाट पाहून राह्यली. आली. आता बटन. पाह्यलं तुमी? अस्संच केलं होतं तिनं.

काय? काय म्हनली? … येत्या मेळाव्यात? … माइकवर सांगू?

हाव. सांगतो, माइकवर.

भूपेंद्रभाऊ, तुमी जा आता. डब्बा राहू द्या तसाच. दार लोटून घेजा.