हे पोचले की ते चालू!

...आणि मी म्हणते, बिघडायचं तर खुशाल बिघडावं, पण एकदाच काय ते बिघडून मोकळं व्हावं ना! हे काय, सकाळी सातला बंद, साडेदहाला आपलं आपण चालू, आणि मधल्या वेळात आमचे हे पंचेचाळीस किलोमीटर स्कूटर हाणत तिथे पोचणार... तर भिंतीवर ते यंत्र हिरवा दिवा लावून बसलेलं, जसं काही झालंच नाही! तुम्हाला सांगते, हे पोचले की ते चालू!

ते म्हणजे इन्व्हर्टर हो, सोलरचा. छपरावरच्या पॅनेलची वीज घेऊन ती वापरण्याजोगी करून देणारा तो पेटारा. आमचे हे सोलर कंपनीत सर्व्हिसला, चौदा वर्षं. लोकांना वाटतं, सोलरला काय होतंय, ऊन पडलं की वीज! अहो, उन्हाची कुठे तक्रार आहे? ऊन बिचारं वेळेवर कामावर हजर असतं. पुढचंच सगळं रजेवर!

तर ही जागा म्हणजे अंडी उबवायचं केंद्र. पत्र्याची लांबलचक शेड, आत माणसापेक्षा उंच कपाटं, कपाटांत हजारो अंडी, आणि चालवणाऱ्या एकट्या ताई. अंड्यांना एकवीस दिवस एकसारखी ऊब लागते. रात्रभर बॅटरी ती देते, सकाळी बॅटरी दमली की सूर्याने पुढे व्हायचं, आणि नेमका तेव्हाच हा पेटारा तांबडा दिवा लावून फुगून बसतो! मग ताई धावतात जनरेटरकडे. तो दमेकऱ्यासारखा खोकतो, मर्जी असली तर सुरू होतो. एका सकाळी नव्हती मर्जी. चार हजार अंडी गेली. अठराव्या दिवशी! म्हणजे आत चोच, नखं, सगळं तयार... त्या दिवशी हे घरी आले आणि ताट तसंच सरकवून उठले.

बरं, यांनी काय करायचं बाकी ठेवलं? पंखे साफ केले, धूळ काढली, आत एक पाल मरून पडली होती तीसुद्धा काढली. मुख्य कचेरीत साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे कसे, यंत्र कधी जवळून बघितलेलं नाही, पण आवाजात भारी दम. "रीसेट मारा ना!" "मारला, साहेब." "मग परत मारा!" "साहेब, आता चालूच आहे." "चालू आहे? मग फोन कशाला केलात?!"

घ्या!

शेवटी पेटारा बदलला. अख्खा उन्हाळा शांततेत गेला. हे घरात छाती काढून फिरायला लागले, "बघितलंस? मुळावरच घाव घातला." थंडी सुरू झाली आणि सकाळी सातला फोन... दुसरा पेटारा बदलला, तिसरा बदलला, आणि कारखान्यातून प्रत्येक जुन्याबरोबर एकच चिठ्ठी, 'यंत्र ठणठणीत आहे.' असणारच की! हे पोचले की ते चालू, तर कारखान्यात पोचल्यावर ते का रडेल? ताई तर एकदा म्हणाल्या, "दादा, तुम्हाला बघूनच ते सुरू होत असेल तर तुमचा एक फोटो द्या, लावते भिंतीवर." हसल्या नाहीत हो. आणि साहेब म्हणाले, "एकच गिऱ्हाईक तीन-तीन यंत्रं खातं? आणखी एक तक्रार आली तर तुम्ही गोदामात खोकी मोजायला!"

मग एका सकाळी, सात वाजता, परत फोन. हे फडकं घेऊन बाहेर गेले, स्कूटरची सीट ओली होती ती पुसायला, आणि फडकं हातात धरून नुसते उभे. पाच मिनिटं! मला वाटलं, संपलं, माणूस हातचा गेला. "अगं," म्हणाले, "दव!"

मी म्हटलं, "मग पुसा की."

"अगं, साडेदहाला दव सुकतं!"

तुम्हाला सांगते, मला काही समजेना. मग यांनी नीट सांगितलं. तो पेटारा रोज सकाळी सुरू व्हायच्या आधी तपासतो, की वीज कुठून जमिनीत झिरपत तर नाही ना? झिरपत असली तर तांबडा दिवा. म्हणजे वर छपरावर कुठलातरी एक जोड सैल, त्यात दव शिरतं, ऊन चढलं की सुकतं... पेटारा बिचारा खरं बोलत होता, आणि आम्ही त्यालाच उचलून फेकत होतो! पण दोनशे ऐंशी जोडांतला तो एक शोधायचा कसा? छपरावर एकाने पॅनेलची एकेक ओळ सोडवायची आणि खाली दुसऱ्याने पेटाऱ्याच्या पडद्यावरचा आकडा वाचायचा; झिरपणारी ओळ सुटली की तो आकडा एकदम वर जाणार. दुसरा कोण? म्हणाले, "उद्या तू चल."

मी! लेकीला सासूबाईंच्या अंथरुणात सरकवलं आणि साडेचारला स्कूटरवर मागे बसले. नाक गळतंय, बोटं वाकत नाहीत. उजाडता उजाडता हे छपरावर पॅनेलच्या खाली पालथे, आणि मी खाली त्या पेटाऱ्यासमोर. तांबडा दिवा! पहिल्यांदाच, बरं का, हे पोचले आणि ते बंद! मला इतका आनंद झाला की विचारू नका.

"किती?" वरून. "बावीस!" "आता?" "बावीसच!" "आता?" "अहो, बावीस म्हणजे बावीस, सारखं काय विचारता?" "अगं, ओळ बदलली की विचारणार ना!" ताई मधे उभ्या, एकदा वर बघतात, एकदा माझ्याकडे. अकरावी ओळ सोडवली आणि आकडा टुणकन उडाला. "नऊशे! अहो, नऊशे झाले!"

वरून नुसता पाना पत्र्यावर आपटल्याचा आवाज.

"अहो, पडलात का?"

शिडी चढले मी. साडी नेसून, या वयात! तर हे एक जोड हातात धरून बसलेले. दोन पिना पूर्ण बसल्याच नव्हत्या, मधे नखभर फट. आणि वायरीवर, जोडायच्या आधीच लावतात ती पिवळी पट्टी, पट्टीवर तारीख. अक्षर यांचं. ते मुंगीचे पाय मी रोज सामानाच्या यादीत वाचते, चुकायची नाही. आणि तारीख... आमच्या लेकीच्या जन्माची. शेवटचा जोड करताना दवाखान्यातून फोन आला असणार, पिना बसल्या की येतो तो कट् आवाज यायच्या आधीच हे शिडीवरून उतरून पळाले असणार. पाच वर्षं तो जोड तसाच लटकत होता.

मी म्हटलं, "चला, बसवा नीट आणि गप्प बसा. कुणाला कळतंय?" हो, म्हटलं मी! खोटं कशाला बोलू?

यांनी जोड बसवला. कट्. खाली उतरले आणि ताईंना म्हणाले, "ताई, यंत्राचा दोष नव्हता. माझ्या हातचा होता."

ताईंनी आतल्या कपाटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चार हजार, दादा." एवढंच. आत निघून गेल्या. यांचा चेहरा मला बघवेना. मी आपली उगीच हिरव्या दिव्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने ताई बाहेर आल्या, हातात तीन कप चहा. कप यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या हातचे बाकीचे सगळे जोड तपासायचे. दर रविवारी. मी शिडी धरते."

आता साहेब! अहवालात 'कारण' नावाचा रकाना असतो, त्यात ठरलेल्या सहा कारणांतलं एक निवडायचं. 'आमची चूक' असं सातवं नव्हतंच. साहेब म्हणाले, "हवामान लिहा की! दव म्हणजे हवामानच." हे म्हणाले, "दव सगळीकडेच पडतं, साहेब," आणि समासात पेनने लिहिलं, 'जोड मी नीट बसवला नव्हता.' आठवडाभर आम्ही गोदामाची वाट बघितली. पण साहेबांनीही कुठेतरी हिशेब केला असावा, कारण इतर जागांवरून बदलून आणलेले असेच ठणठणीत पेटारे गोदामात अकरा निघाले! फोन आला, "तुम्ही आजवर जेवढ्या जागा जोडल्यात, सगळ्यांचे जोड तपासा. दव असतानाच."

मी विचारलं, "किती जागा हो?"

म्हणाले, "एकशे चौदा."

"आणि खाली आकडा वाचायला माणूस?"

हे जरा घुटमळले. "साहेब म्हणाले, दुसरा माणूस मंजूर नाही. म्हणाले, तुमच्या मिसेस आहेत ना... आवाज चांगला पोचतो म्हणे."